ऑर्विलने केलेली शिफारस

व्हर्लिन कुख्ताची गाडी बर्फावरून घसरून रस्त्याकडेच्या चारीत गेली, तेव्हा त्याच्या अंगावर लग्नातला सूट होता आणि मुलाखतीची वेळ जवळ आली होती. त्यात मदतीला थांबलेली पिकअप नेमकी ऑर्विल ओस्ट्रँडरची निघाली.

व्हर्लिन कॉर्बल गावच्या शाळेत अमेरिकन फुटबॉलच्या संघात आक्रमणाचा प्रशिक्षक होता. चेंडू आपल्याकडे असताना कोणती चाल खेळायची, हे ठरवणं त्याचं काम. त्या हंगामात त्याची पुढची चाल प्रेक्षकांतल्या आज्यांनाही आधी कळायची. सबंध जिल्ह्यात कॉर्बलइतके कमी गुण कुणाचेच नव्हते. ऑर्विलचं पशुखाद्याचं दुकान होतं आणि दर शनिवारी सकाळी तिथल्या शेगडीभोवती व्हर्लिनचा पंचनामा व्हायचा. "याच्यापेक्षा माझी गाय बरी. कुंपण मोकळं दिसलं की ती निदान पुढे तरी जाते," हे ऑर्विलचं वाक्य गावभर झालं होतं. ते व्हर्लिनच्या बायकोच्या, जोलीनच्या कानावरही गेलं होतं. ऐकून तिला हसू आलं होतं, एवढं मात्र तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

ऑर्विलने काच खाली केली. "सूट घालून कुठं निघालास? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. डनलेव्हीला निघालो होतो," व्हर्लिन म्हणाला. त्याला खोटं बोलणंही धड जमत नसे. "त्यांना मुख्य प्रशिक्षक हवाय. मुलाखत आहे."

डनलेव्ही हे शेजारचं गाव म्हणजे कॉर्बलचा पिढीजात वैरी. ऑर्विलच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरलं. आपल्या घरचा न हलणारा पाहुणा शत्रूच्या घरी मुक्कामाला निघाल्यावर माणसाला होतं, तसं.

"बस आत."

"पण माझी गाडी..."

"गाडी मरू दे. मी काढतो नंतर. तुला उशीर होता कामा नये."

वाटेत त्याने व्हर्लिनला आपल्या थर्मासमधली कॉफी दिली, रुमालाने पँटचा चिखल पुसायला लावला आणि उपदेशही केला. "तोंड पाडून बसू नकोस. चालींचं विचारलं तर विषय बदल."

"ऑर्विल, तुम्ही हे का करताय, ते कळतं हं मला."

"कळतंय ना? मग कॉफी पी."

डनलेव्हीच्या शाळेत तो व्हर्लिनच्या मागोमाग थेट आत शिरला आणि टोपी काढून समितीसमोर उभा राहिला. "याला सोडायचं आमच्या गावाच्या अगदी जिवावर आलंय," तो म्हणाला.

समितीच्या ब्रँटसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पण यांच्या संघाने गुण तर काहीच केले नाहीत."

"पोरं तशी होती हो. याच्या डोक्याला ती पोरं पुरली नाहीत."

त्या पोरांत ऑर्विलचा सख्खा नातू होता. पण गावासाठी माणसाला थोडी झळ सोसावी लागते. शेजारी बसलेल्या व्हर्लिनचे कान गरम झाले. सगळं खोटं होतं, पण वर्षभरात त्याच्याबद्दल कुणी बरं बोललेलं ते पहिलंच, आणि ते ऐकायला वाईट वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेगडीभोवती ही बातमी फुटली आणि गावात उत्साह संचारला. न्हाव्याने डनलेव्हीला फोन केला, पोस्टमास्तरने केला. पाद्रीबाबांनी खोटं बोलायला साफ नकार दिला. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "व्हर्लिनला तुमच्याकडे नोकरी मिळावी म्हणून अख्खं गाव प्रार्थना करतंय." यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

ब्रँटसाहेब सावध माणूस. इतकं कौतुक ऐकून त्यांनी कॉर्बलच्या शाळा समितीच्या अध्यक्ष लॉर्ना टीडमन यांना फोन लावला. "बाई, ज्याच्यासाठी गाव एवढं जीव टाकतंय, त्याला तुम्ही सोडताय कसे?"

लॉर्नाबाई दाताच्या डॉक्टर. पशुखाद्याच्या दुकानात त्यांचं काय काम असणार? तिथे शिजलेला बेत त्यांना ठाऊकच नव्हता. कॉर्बलचे मुख्य प्रशिक्षक निवृत्त होत होते आणि समिती बाहेरगावचा माणूस शोधत होती. फोन ठेवताना बाईंना वाटलं, आपल्या हातात हिरा होता आणि आपण गारगोट्या वेचत बसलो. त्यांनी लगेच सभा बोलावली. सभा सगळ्यांना खुली होती, त्यामुळे ऑर्विल धावतपळत आला. त्याची सून आधीच येऊन पुढच्या रांगेत बसली होती.

"ज्याला एक बाजू सांभाळता आली नाही, त्याच्या हाती सगळा संघ द्यायचा?" एका सभासदाने विचारलं.

"माझ्या वडिलांना साधं अंडं उकडता येत नव्हतं," लॉर्नाबाई म्हणाल्या, "पण त्यांचं हॉटेल आयुष्यभर झकास चाललं. कुणाला चुलीपाशी उभं करायचं, ते त्यांना कळायचं. आणि एक बघा. एवढं हरूनही व्हर्लिनच्या हाताखालचं एकही पोर संघ सोडून गेलं नाही."

ते आजवर कुणी मोजलंच नव्हतं. ऑर्विल विरोध करायला उठला.

"बरं झालं उठलात, ऑर्विल," बाई म्हणाल्या. "डनलेव्हीला तुम्ही जे बोललात ते ब्रँटसाहेबांनी मला सांगितलंय. पोरांबद्दलचं सुद्धा. इथेही बोला ना."

ऑर्विलने सुनेकडे पाहिलं. सून आपल्या पोराबद्दल काय निघतंय ते ऐकायला वळून बसली होती.

"माणूस चांगला आहे," ऑर्विल म्हणाला.

"आणखी?"

"डोकं आहे." सुनेकडे पुन्हा बघून तो म्हणाला, "पोरं पण चांगली आहेत." आणि खाली बसला.

लॉर्नाबाई व्हर्लिनकडे वळल्या. तो भिंतीला टेकून उभा होता आणि जोलीनने त्याची बाही घट्ट धरून ठेवली होती. "संघ तुमच्या हाती दिला, तर पहिलं काम काय कराल?"

व्हर्लिनने फार विचार केला नाही. हा प्रश्न तो हंगामभर अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःला विचारत आला होता.

"आक्रमणाच्या प्रशिक्षकाला काढेन," तो म्हणाला.

सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती ऑर्विलने, आणि त्या आठवड्यात व्हर्लिनसाठी त्याने मनापासून केलेली ती पहिलीच गोष्ट होती.