मुनीबच्या गिटारचे सहा नॉब

ज्या वस्तूला नॉब आहे ती वस्तू आपली! ही फुशारकी नाही बरं का. पंधरा वर्षं वाळूजच्या कंपनीत मेंटेनन्सला काढलीत मी. जर्मनीहून आलेलं मशीन असो की शेजाऱ्यांचा गिझर, मी समोर स्टूल घेऊन बसतो, एकेक नॉब फिरवून बघतो आणि दहा मिनिटांत मशीन सगळं कबूल करतं.

म्हणूनच त्या बुधवारी मुनीब त्याची बेस गिटार माझ्या घरी ठेवायला आला तेव्हा माझे हात शिवशिवायला लागले. मुनीब माझा शाळेपासूनचा दोस्त. औरंगपुऱ्यात त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि वीस वर्षं तो लोकांच्या लग्नात, वरातीत बेस वाजवतोय. ही गिटार त्याच्या मामूंनी मस्कतहून आणलेली, नवीकोरी. तेवढ्या पैशात लासूर स्टेशनला पत्र्याचं का होईना, एक दुकान आलं असतं! बहीण माहनूरचं लग्न कन्नडला, इकडे घरात रंगकाम सुरू, म्हणून तीन दिवस गिटार आणि तिचा छोटा स्पीकर माझ्याकडे.

"तार वाजव, दिवसभर वाजव," मुनीब म्हणाला. "पण नॉबला हात नक्को लावू रे सुदर्शन! तीन महिने लागलेत मला ही सेटिंग बसवायला."

"तीन महिने? सहा नॉबला?"

"यार, रविवारी रेकॉर्डिंग आहे. एक्केचाळीस वर्षांचा झालो, पहिल्यांदा कुणी नाव घेऊन बोलावलंय."

मी आईची शप्पथ घेतली. आई शेजारीच मेथी निवडत बसली होती. "माझी कशाला खातो रं?" असं ती म्हणाली सुद्धा.

बुधवार पाळला. गुरुवारही पाळला. शुक्रवारी आमच्या कंपनीला सुट्टी! मी सकाळी स्टूल घेऊन गिटारसमोर बसलो. नुसतं बघायला.

आता मला सांगा, आमच्या पंख्याच्या पन्नास रुपयांच्या रेग्युलेटरवर एक ते पाच आकडे असतात. हिच्यावर एक अक्षर नाही! सहा काळे, गुळगुळीत, गोल नॉब आणि कडेला एक बारकं बटण. पहिला नॉब आवाजाचा, एवढं मुनीबकडून ऐकलेलं. दुसरा मध्यावर आला की टक करतो, म्हणजे त्याला परत जागेवर आणणं सोपं. पण उरलेले चार? ते काय करत असतील? एखाद्या माणसाला तीन महिने बसवून ठेवतील असं त्यांच्यात काय आहे? मला राहवेना.

मी मेंटेनन्सचा माणूस, काम नियमानं करतो. आधी मोबाइलवर फोटो काढला. मग तिसरा नॉब थोडा फिरवला आणि तार छेडली.

"विशाखा! फरक ऐकू आला?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "हो, थोडा जाड वाटतोय."

"आणि आता?"

"आता जरा मोकळा झाला."

वा! चौथा फिरवला. पाचवा. सहावा. प्रत्येक वेळी आवाज कधी भरायचा, कधी उतरायचा, कधी त्याला कोवळी धार यायची. विशाखा पोळ्या सोडून बाहेर आली. आमची चर्चा रंगली. आई मात्र मान हलवत म्हणाली, "समदं सारखंच वाजतंय की रं!"

"आईला कानाचं मशीन घ्यायला पाहिजे," मी विशाखाच्या कानात म्हणालो.

तासाभरानं समाधान झालं. आता फोटो बघायचा आणि नॉब जसेच्या तसे लावून ठेवायचे. मी फोटो उघडला. फोटोत सहा गोल, काळे, गुळगुळीत नॉब! ना खूण, ना खाच, ना टिंब. ताटात मांडलेले लाडू कुठल्या बाजूला तोंड करून बसलेत हे फोटोवरून कोण सांगेल?

मुनीबला फोन लावला, आवाजात साखर घालून.

"लग्न काय म्हणतंय? बरं, सहज विचारतो, तुझ्या गिटारचा आवाज नेमका कसा रे?"

"खव्यासारखा," मुनीब म्हणाला. "मऊ. पण दाणा लागला पाहिजे. का?"

"काही नाही, काही नाही! आई विचारत होती."

आम्ही खवा शोधायला लागलो. विशाखा म्हणे श्रीखंड झालं. मला बासुंदी वाटे. आई म्हणाली, "येकच तर वाजतंय मघापासनं!" बारा वाजले, एक वाजला. शेवटी माझ्यातला मेंटेनन्सवाला जागा झाला. बाहेरून खूण नाही ना? मग मागून बघू! नॉबचे दांडे आतून किती वळलेत ते तरी कळेल. मी स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि मागचं झाकण उघडलं.

आत वायरी होत्या. दांड्यांवरही काही खूण नव्हती. आणि एका कोपऱ्यात चौकोनी सेलची जागा होती. रिकामी! सेल जोडायच्या क्लिपवर कंपनीचं प्लॅस्टिकचं टोपण जसंच्या तसं. म्हणजे दुकानातून निघाल्यापासून या गिटारमध्ये सेल पडलेलाच नव्हता!

मी वायरी बोटानं चाचपत गेलो. पहिले दोन नॉब थेट जोडलेले. उरलेले चार सेलवर चालणारे, आणि कडेचं बटण त्यांना चालू-बंद करणारं. ते बंद होतं. बटण बंद असलं की सेल नसतानाही गिटार वाजते, फक्त ते चार नॉब नुसते गरगरतात. म्हणजे आमची सकाळ? म्हणजे मुनीबचे तीन महिने?

माझ्या मल्टीमीटरमध्ये नऊ व्होल्टचा सेल होता. तो काढून बसवला, बटण चालू केलं, तिसरा नॉब पूर्ण उजवीकडे नेला आणि तार छेडली. धड्डाम! मांडणीवरची दोन ताटं खाली आली!

"हां!" आई म्हणाली. "आत्ता वाजलं येगळं!"

आणि दारावरची बेल वाजली.

मुनीब! कन्नडहून बाराच्या जीपनं निघालेला, हातात लग्नाच्या मिठाईचा डबा. मी सेल उपसून खिशात घातला, बटण बंद केलं, झाकणाचे चारातले दोन स्क्रू कसेबसे आवळले. तो आला तो थेट गिटारकडेच. मांडीवर घेऊन एक सूर वाजवला आणि थांबला.

"नॉब कुणी फिरवले?"

"तुला कसं कळलं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आवाज सांगतोय ना यार!"

मी कबूल झालो. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो "परवा रेकॉर्डिंग आहे, सुदर्शन," एवढंच म्हणाला. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. माझा हात खिशात गेला. सेल हातात आला.

"मुनीब, एक दाखवायचंय तुला."

"आत्ता नक्को." त्यानं डोळे मिटले. "अम्मी दवाखान्यात होती ना, तेव्हा रोज दुकान बंद केलं की हेच करत बसायचो. हे नसतं तर येडा झालो असतो मी."

माझा हात खिशातच राहिला.

मग त्यानं आम्हा तिघांना समोर बसवलं आणि दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर भिंगं बदलतो तसं सुरू केलं. "ये अच्छा, के ये अच्छा?" विशाखा म्हणाली, पहिला. मी म्हणालो, दुसरा. आईनं तोंड उघडलं, तर विशाखानं त्यात अख्खा पेढा कोंबला! तास गेला. मुनीबच्या कपाळावर घाम आला आणि मग एकदम चेहरा खुलला. "आया! आला ना, सुदर्शन?" त्यानं मला मिठीच मारली.

रविवारी रेकॉर्डिंग झालं. झकास झालं. सेलचं मी त्याला सांगणार आहे, अगदी नक्की सांगणार आहे. फक्त त्याआधी तुम्हाला एक सांगून टाकतो. शेवटी त्यानं सहावा नॉब केसभर मागं नेला ना, तेव्हा आवाज खरंच उजळला हो. मी माझ्या या कानांनी ऐकलं. सेल खिशात घट्ट धरून बसलो होतो, तरी ऐकलं!