पेरूपुरता चाकू

उत्तरेश्वरकाकांना एक चाकू घ्यायचा होता. खिशात मावेल, खिसा फाडणार नाही आणि खिशाला परवडेल, असा. कारण गंभीर होतं. गावात सप्ताह बसला होता आणि कीर्तन म्हणजे त्यांच्या कमलबाईंचा जीव की प्राण. पण त्यांना साखरेचा आजार. वेळेवर पोटात काही गेलं नाही, की डोळ्यांपुढं अंधारी. डॉक्टरांनी केळी बंद करून पेरूला परवानगी दिली होती. दात मात्र डॉक्टरांच्या अखत्यारीत नव्हते. घरून फोडी न्याव्यात तर त्या काळ्या पडत, आणि काळी फोड कमलबाई तोंडात घेत नसत.

पुतण्या रणधीरनं मोबाईल पुढं केला. "काका, हा बघा. ह्याच्या मुठीनं गाडीची काच फुटती."

"आरं, पेरूला काच कुठंय?"

"मग हा? ह्यानं अस्वलाचं कातडं निघतंय."

"अस्वल येणार हाय का सप्त्याला?"

शेवटी बेंबळीच्या बाजारात चाकूवाल्या शिवप्पानं लाकडी मुठीचा, करंगळीएवढ्या पात्याचा, घडीचा चाकू काढला. "पेरू, सुपारी, सुतळी, एवढं कापंल काका. भांडणाच्या कामाचा न्हाय, आधीच सांगतो."

"तसलाच पायजे."

काल्याच्या कीर्तनाला दोघं मंडपाशी आले, तर दारात धातू ओळखणारी कमान उभी. शेजारच्या गावानं सप्त्याला ती भाड्यानं आणली होती, म्हणून आपल्या समितीनंही आणली. शेजारच्यांना काहीच सापडलं नव्हतं. आपल्याला सापडलं, याचा समितीला रास्त अभिमान वाटला.

"हे घडी होतंय," सचिव गौरीशंकर गुरुजी चाकू न्याहाळत म्हणाले. "घडी होतं म्हणजे लपतं. लपतं म्हणजे मागं हेतू असतो."

"हेतू हाय की गुरुजी. ह्यो बघा." काकांनी पेरू दाखवला.

"समिती पेरूच्या विरोधात नाही, याची नोंद घ्यावी."

"मग उघडा धरून नेऊ?"

"उघडं पातं? अहो, भाविकांत दहशत पसरंल!"

चाकू बिस्किटाच्या डब्यात जमा झाला. तेवढ्यात हलगीच्या कडकडाटात एक लांबलचक तलवार आत निघाली. समितीचे अध्यक्ष अमरसिंह ती प्रमुख पाहुण्यांना भेट देणार होते. कमान जिवाच्या आकांतानं ओरडली. ते ओरडणं स्वागतात धरलं गेलं.

"गुरुजी, अन् ही?"

"ती कुठं लपतीय काका? शिवाय ती सन्मानाची आहे. सन्मानाला धार असली तर चालते."

कीर्तन असं रंगलं, की टाळकऱ्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. कथेतले गोपाळ शिदोऱ्या सोडायला बसले, आणि नेमका तेव्हा कमलबाईंचा हात गार पडला.

"अवो, अंधारी याया लागली."

काका उठले ते थेट व्यासपीठापाशी. "अध्यक्ष, तलवार जरा द्या. पेरू कापायचाय. हिला चक्कर येतीय."

अध्यक्षांनी आधी काकांकडं पाहिलं, मग कॅमेऱ्याकडं. माईक त्यांच्या हातात आला. "आता पाहुण्यांच्या शुभहस्ते फलच्छेदन होईल!"

कीर्तन थांबलं. स्टुलावर लाल कापड, त्यावर पेरू. पाहुण्यांनी तलवार उगारली. फोटो हलला म्हणून पुन्हा उगारली. चार फोडी झाल्या. मानाची पहिली पाहुण्यांना, दुसरी अध्यक्षांना, तिसरी सचिवांना. चौथी फोटोवाल्यानं उचलली. बिचाऱ्यानं कष्ट केले होते.

महाराजांनी सूर पुन्हा धरला. देवानं सगळ्यांच्या शिदोऱ्या एकात कालवल्या आणि पहिला घास सगळ्यांत मागं बसलेल्या पेंद्याला भरवला, असं ते सांगत होते. खालून "वा!" आलं. व्यासपीठावरूनही आलं, भरल्या तोंडानं.

काकांनी कमलबाईंना खांद्याचा आधार देऊन उठवलं.

"माझा काला ऱ्हायला की वो," त्या म्हणाल्या.

तलवारीनं पेरू कापण्याचा तो व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर आला असंल. तुम्ही हसून लाईकचा अंगठाही दाबला असंल, पुढंही धाडला असंल. एकदा पुन्हा लावा. पाहुण्यांच्या कोपराखाली, मागच्या बाजूला, एक म्हातारी मंडपाचा खांब चाचपत उठू बघताना दिसती. तुम्ही पाहिला तेव्हाही ती तिथंच होती.