नऊचे निम्मे

पत्रेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती पाचव्या दिवशी. तोपर्यंत सगळं कसं गोडीगुलाबीने चाललं होतं.

त्याची उघड्या मानेची कोंबडी कुत्र्याने मारली होती. मानेवर पिसाचा पत्ता नाही, दिसायला अगदीच कशीतरी. पण तो दुकानात डबे ठोकायला बसला की ही त्या ठणठणाटात खुशाल डोळे मिटून पडायची. त्याचा आवाज सहन करणारा घरातला तेवढाच एक जीव होता. तिची शेवटची नऊ अंडी टोपलीत उरली होती. त्यातून तिच्यासारखं एक तरी पिल्लू निघावं, एवढंच त्याला हवं होतं. पण अंडी उबवायला खुडूक कोंबडी लागते, आणि ती होती मेहुण्याकडे.

मेहुणा घड्याळं दुरुस्त करायचा. कोंबडी काखेत मारून आला आणि म्हणाला, "दाजी, रीतीप्रमाणे निम्मी पिल्लं कोंबडीवाल्याची हं."

"अरे, घे की निम्मी," पत्रेवाला म्हणाला.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खोक्यात भुसा पसरून कोंबडी बसवली. नऊचे निम्मे किती, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पाचव्या दिवशी ते मेहुण्याच्या डोक्यात आलं.

"चार तुमची, पाच माझी," दाणे टाकता टाकता तो म्हणाला.

"पाच तुझी कशी? अंडी कुणाची?"

"पण एकवीस दिवस बसणार कोण?"

"तू बसतोयस का रे?" पत्रेवाला असा कडाडला की फळीवरची भांडी वाजली. कोंबडी ताडकन उठली, अंगणात पळाली आणि चांगला अर्धा तास परत फिरकली नाही. तिला हातापाया पडून आणेपर्यंत बायकोच्या नाकी नऊ आले.

"आता नीट ऐका दोघंही," ती म्हणाली. एकाची बायको आणि दुसऱ्याची थोरली बहीण असल्यामुळे तिला दोघांचाही सारखाच संताप आला होता. "या घरात आवाज चढवायचा नाही. भांडायचंच असेल तर कुजबुजत भांडा."

बाहेर जाऊन भांडायला कुणाची ना नव्हती. पण मेहुणा रोज आपल्या कोंबडीला दाणे घालायला यायचा आणि त्याला अंड्यांपाशी एकटं सोडायची पत्रेवाल्याची तयारी नव्हती. एखादं खिशात घातलं तर? मेहुण्यालाही दाजींचा तितकाच भरवसा होता. तेव्हा दोघं खोक्याच्या दोन बाजूंना उकिडवे बसून, दातओठ खात, हलक्या आवाजात एकमेकांची अक्कल काढू लागले.

यात पत्रेवाल्याचे फार हाल झाले. आजवरची सगळी भांडणं त्याने आवाजावर जिंकली होती. आवाज काढून घेतल्यावर कळलं, आपल्याकडे मुद्दाच नाही. मेहुणा मात्र दिवसभर केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून बसणारा माणूस. हळू बोलणं त्याच्या अंगवळणी पडलेलं. तो शांतपणे एकेक टोमणा असा अचूक बसवायचा, की पत्रेवाला लाल होऊन दुकानात जायचा आणि राग डब्यांवर काढायचा. त्या आठवड्यातला एकही डबा धड गोल झाला नाही.

"आत्ताच्या आत्ता वाटणी कर," बाराव्या दिवशी तो कुजबुजला. "पेन्सिल आण."

चार अंड्यांवर फुली, चार अंड्यांवर गोल. नववं कोरं राहिलं. त्यावर दोघांनी एकदमच पेन्सिल उचलली, तेव्हा बायकोने ती काढून घेतली.

"मी काय म्हणते..." ती म्हणाली.

"तू मधे पडू नकोस," दोघं एका सुरात कुजबुजले. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

एकविसाव्या दिवशी फुलीची चार फुटली, गोलाची चार फुटली. आठही पिल्लांच्या माना पिसांनी भरलेल्या. पत्रेवाल्याने एकेक पिल्लू उचलून पुन्हा पुन्हा पाहिलं. त्याचा चेहरा उतरला, आणि उतरलेला चेहरा दिसू नये म्हणून त्याने राग चढवला. दुसऱ्या दिवशी कोंबडी आठांना घेऊन अंगणात गेली. कोरं अंडं तसंच भुशात पडून राहिलं. मेहुण्याने ते सवयीने कानाशी धरलं.

"बंद आहे," तो म्हणाला. "घ्या. तुमचं नासकं अंडं."

"नासकं? तुझी कोंबडी धड बसली नाही म्हणून गेलं ते!"

आता कोंबडी घरात नव्हती. सतरा दिवस घशात अडकलेला आवाज बाहेर पडला तो थेट गल्लीत. शेजारी दारात आले. "मला नको ते! ते माझं नव्हतंच! तुझं तू घेऊन जा!"

"मला कशाला? मीही नाही घेणार!" मेहुणाही ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच ओरडल्यामुळे त्याचा आवाज चिरकला.

त्या गदारोळात बायकोने अंडं उचललं आणि कानाशी नेलं. आतून अगदी बारीक टकटक येत होती. तिने काही तरी सांगितलंही; पण ऐकायला कुणाला सवड होती? तिने ते मऊ फडक्यात गुंडाळून पोटाशी बांधलं आणि आपल्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रेवाला चहा मागायला स्वयंपाकघरात आला तर ती ओंजळ धरून बसली होती. ओंजळीत ओलसर, लटपटणारं पिल्लू होतं. मान पार उघडी.

पत्रेवाल्याचे डोळे भरून आले. त्याने दोन्ही हात पुढे केले. "दे. तिचंच आहे गं. माझंय ते."

"तुमचं नव्हतंच म्हणे," ती म्हणाली. "सगळ्या गल्लीने ऐकलंय. आणि माझ्या भावाचंही नाही. मग बसलं कोण त्याच्यावर? मी."

त्याने ओरडायला छाती भरून घेतली. पिल्लाने डोळे मिटले होते. छातीतला वारा तसाच हळूहळू बाहेर गेला.

"बघू तरी दे," तो कुजबुजला.

"लांबून," ती म्हणाली.