नेल्सनचा बँड का सुटला

आमचा शेजारी नेल्सन बोलायला सुरुवात करण्याआधी 'सोम, सोम' म्हणतो. बिल्डिंगच्या मॅनेजरशी भांडायचं असो की माझ्याकडे लिंबू मागायचं असो, आधी दोनदा सोम. पुण्याहून आलेली माझी आई त्याला शंकराचा भक्त समजून रोज हात जोडायची. मग कळलं, पोर्तुगीजमध्ये सोम म्हणजे आवाज; माइक तपासताना तिकडे तेच म्हणतात. नेल्सन ब्राझीलमध्ये एका रॉक बँडचा गायक होता. माइक गेला, तपासायची सवय राहिली.

फीनिक्सजवळच्या आमच्या वाळवंटी चँडलरच्या भर उन्हाळ्यात हा माणूस काळं लेदर जॅकेट घालून कचरा टाकायला जातो. आता मुलांना गिटार शिकवतो. पण बँड का सुटला, ते काही केल्या कळेना. एकदा म्हणाला, "मी सोडला." पुढच्या वेळी, "त्यांनी काढलं."

"अरे, नक्की काय?"

"दोन्ही."

पुढे त्यानं एकट्यानं अल्बम काढला. गाणं, गिटार, ड्रम्स, सगळं स्वतःच. दुसरा का नाही काढलास, विचारलं तर म्हणाला, "मतभेद झाले."

"कुणाशी?"

त्यानं स्वतःकडे बोट दाखवलं. मी विचारणं सोडून दिलं.

गेल्या हिवाळ्यात त्याचा तो जुना बँड फीनिक्सला आला. "ड्राइव्ह तू कर," नेल्सन म्हणाला, "मी फार रागात आहे."

हॉलमध्ये तो मागे भिंतीला टेकून उभा राहिला. त्याची गाणी एक तरुण गायक गात होता. मी नेल्सनकडे पाहिलं, तर त्याचं गायकाकडे लक्षच नाही. नजर ड्रमरवर.

कार्यक्रमानंतर आम्ही मागच्या दाराशी थांबलो. ड्रमर बाहेर आला, टक्कल पडलेला, घामाघूम. आता मारामारी होणार म्हणून मी गाडीची किल्ली हातात धरली. नेल्सननं त्याचं उजवं मनगट धरलं आणि हलकेच चोळायला लागला. दोघं बराच वेळ पोर्तुगीजमध्ये बोलले. मला काही कळलं नाही.

परतताना मी विचारलं, "भांडलात का?"

"छे. तेव्हा याचं मनगट बिघडलं होतं. बाकीच्यांना दुसरा ड्रमर हवा होता. मी म्हटलं, मग गायकही दुसरा बघा. त्यांनी बघितला."

"आणि हा?"

"बरा झाला. त्याला परत बोलावलं."

"आणि तुला?"

नेल्सननं जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"त्याचं मनगट अजून दुखतं म्हणे थंडीत," तो म्हणाला. "पण काय वाजवतो यार!"