उंबराखालचे पेले

अंगण जरा वेळानं झाडू, असं रविंद्रनं ठरवलं आणि तिथंच सगळं फिसकटलं.

रविंद्र बारामतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा आणि पणदऱ्याला राहायचा. त्या रविवारी निरवांगीचे साहेबराव आपल्या मुलासाठी, संघपालसाठी, रविंद्रच्या धाकट्या बहिणीला, दिशाला, बघायला येणार होते. बायकोनं, प्रियदर्शनीनं, सकाळीच त्याच्या हातात खराटा दिला. पण उंबराखालच्या कुजक्या पानावर त्याला मोहरीएवढे पांढरे पेले दिसले. नाजूक देठांवर उभे. ही कुठली बुरशी? काठावर केस असतील तर एक कूळ, नसतील तर दुसरं. तो भिंग घेऊन पालथा पडला. ओल्या पानांचा वास, पाठीवर कोवळं ऊन, शेजारच्या घरातून रविवारच्या टीव्हीचा लांबून येणारा आवाज. (खराटाही बाजूला आडवा झाला होता.) पेल्यांच्या त्या गावात तो असा हरवला, की जीप आलेली त्याला कळलीच नाही.

"जय भीम," साहेबराव म्हणाले. "बरं वाटत न्हाय का?"

"हळू," रविंद्र मान न उचलता पुटपुटला. "पेला हलेल."

साहेबराव चपापले. "सकाळी सकाळी?"

"सकाळीच बरा. आणि नुसता श्वास लागला तरी धूर सोडतो."

"धूर बी? संघपाल, चल माघारी."

तेवढ्यात दिशा बाहेर आली. नव्या साडीनिशी ती पाचोळ्यात गुडघे टेकून बसली आणि भिंग साहेबरावांपुढं धरलं. "आबा, एक डोळा मिटा. आता हलकेच फुंकर घाला."

साहेबरावांनी नाइलाजानं फुंकर घातली. तिरप्या उन्हात पेल्यातून धुक्याची एक बारीक रेघ वर चढली आणि विरली. ते बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"आन आमी ह्ये रोज तुडवत जातो व्हय," ते हळूच म्हणाले.

मग संघपालही वाकला. भिंग एकच, त्यामुळं त्याचं आणि दिशाचं डोकं जवळ आलं.

"दादा, काठावर केस आहेत," दिशा म्हणाली.

रविंद्रनं उठून साहेबरावांना मिठीच मारली. "कूळ जुळलं, आबा!"

"कुळाचं काय घिऊन बसलाव? आमी त्ये बघतच न्हाय. पोरगी पसंत हाय."

 संघपालनं भिंग अजून सोडलं नव्हतं. दिशाच हसून "मलाही मुलगा पसंत," म्हणाली.

चहा झाला. निघताना साहेबरावांनी प्रियदर्शनीला बाजूला घेतलं. "ताई, ह्येंच्याकडं ध्यान द्याया घरात कोन तरी असतंय न्हवं?"

"असतं की," ती म्हणाली. "म्हणून तर दिशाचं लग्न इतकं लांबवलं."