ऑस्विक काउंटीची १९११ची आग

ऑस्विक काउंटीच्या कोर्टहाउसातील संगमरवरी पाटी सांगते की, १४ मार्च १९११ रोजी लागलेल्या भीषण आगीत मालमत्ताकराची तोपर्यंतची सर्व पुस्तके भस्मसात झाली. ही पाटी ज्या लाकडी जिन्याशेजारी बसवली आहे, त्याच्या कठड्यावर १८९४ सालच्या प्रेमिकांची नावे कोरलेली आहेत. एकही करपलेले नाही. त्या आठवड्याच्या स्थानिक वृत्तपत्रात आगीचा उल्लेख एकच : तुरुंगाच्या स्वयंपाकघरात बेकन जळाले.

हा पुरावा जमवला व्हर्बीना टगल या शाळेच्या बसच्या निवृत्त चालक बाईंनी. त्यांच्या कुटुंबाचे दफनस्थान काउंटीने बेवारस ठरवून त्यावरून रस्ता आखला होता. पणजोबांनी त्या जागेचा कर भरल्याची १९०३ची नोंद दाखवली, तरच रस्ता वळणार होता.

"मिस व्हर्बीना, जळालेलं मी कुठून आणू?" सुनावणीत कारकून डेलमार प्रुइट म्हणाला.

"जिना कसा रे वाचला, डेलमार? भिजत घातला होता?"

"आपल्या अग्निशामक दलाची कमाल, दुसरं काय!"

दलाचे प्रमुख मागच्या बाकावरून हरखून उठले. आगीच्या स्मरणार्थ दल दर मार्चमध्ये वर्गणी घेऊन गावाला पॅनकेकची न्याहारी घालत असे. तिच्याच वर्गणीतून ही पाटी, नवा बंब आणि न जळणारे एक पोलादी कपाट आले होते. कपाट अर्थातच रिकामे होते.

"बाई, आमच्या शूर पूर्वजांवर शंका घेऊ नका!"

"दल स्थापन कधी झालं?"

"एकोणीसशे अठ्ठेचाळीस," प्रमुख अभिमानाने म्हणाले, आणि सावकाश खाली बसले. मग त्यांनी वळून विचारले, "डेलमार, वीस वर्षं आम्ही कशाच्या नावानं पॅनकेक भाजतोय?"

सुनावणीच्या अध्यक्षांनी बायबल पुढे केले. शपथेवर प्रुइटने दिलेले उत्तर इतिवृत्तात जसेच्या तसे आहे :

"दर उन्हाळ्यात आपली वंशावळ शोधणारे येतात. प्रत्येकाला पणजोबा हवा, आणि पणजोबा तळघरात, एकतीस पायऱ्या खाली. एकदा वैतागून एकीला म्हटलं, जळाली पुस्तकं. ती बिचारी रडली, आणि दलाला वर्गणी देऊन गेली. मग न्याहारी, मग पाटी. पाटी लागल्यावर खरं कोणत्या तोंडानं बोलणार? टगलांचं पुस्तक खालीच आहे, डावीकडे, तिसऱ्या फळीवर. चार एकर, दोन खेचरं, एक खिशातलं घड्याळ. कर पूर्ण भरलेला. मिस व्हर्बीना, तुम्ही विचारून गेलात, त्याच दिवशी खाली उतरून पाहिलं मी."