घरी अभ्यास चालू आहे

माणसाला अन्न, वस्त्र आणि निवारा लागतो, हे शाळेत शिकवतात. चौथी गरज शिकवत नाहीत, कारण ती उपजतच असते. कोणाकडे जायचं नसलं म्हणजे सांगायला एक सबळ कारण, ही ती चौथी गरज. पहिल्या तिघींवाचून माणसं कशीबशी दिवस ढकलतात. चौथीवाचून मात्र त्यांना आतेभावाच्या मेहुण्याच्या निवृत्ती समारंभाला जाऊन पहिल्या रांगेत बसावं लागतं.

प्रस्तुत कुटुंबाकडे कारणं नव्हती असं नाही, पण ती निकृष्ट दर्जाची होती. काकांची कंबर अतिवापराने बाद झाली होती. आईची डोकेदुखी लोक मनावर घेत नसत (घराबाहेर पडलं की ती थांबते, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो खरा होता). आजोबांचं वय पुढे करावं, तर लोक गाडी घेऊन दारात हजर. अशा पडत्या काळात घरातल्या धाकटीने औषधाच्या दुकानातली नोकरी सोडली आणि औषधनिर्माणाच्या शेवटच्या परीक्षेचा पूर्णवेळ अभ्यास करायचं ठरवलं.

तिचा हेतू अगदी स्वार्थी होता. पास झालं की परगावच्या एका इस्पितळात औषधविभागात जागा मिळणार होती आणि जागेबरोबर राहायला एक खोली. त्या खोलीच्या दाराला आतून कडी होती. या घरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात आजोबा, आई-बाबा, काका-काकू, दादा-वहिनी आणि ती. आतून लागणारी कडी फक्त न्हाणीघराला होती आणि तिथेही माणूस आत गेला की दोन मिनिटांत बाहेरून कोणीतरी विचारायचं, "झालं का?" धाकटीला पगार, मानमरातब यांचं काही पडलेलं नव्हतं. तिला कडी हवी होती.

अभ्यास सुरू झाला त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. दोन्ही मुलांना घेऊन महिनाभर राहायला येते म्हणाली. काका वीज कार्यालयात कारकून, त्यामुळे नकार कसा द्यायचा याचं त्यांना रीतसर शिक्षण होतं. तरी सख्ख्या बहिणीपुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. मग नजर धाकटीवर गेली आणि ते म्हणाले, "ये ना, जरूर ये. फक्त घरी अभ्यास चालू आहे."

पलीकडे आत्याने आधी मुलांना गप्प केलं. मग आत्या हळू आवाजात म्हणाली, "अगंबाई. मग राहू दे रे. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

काकांनी फोन ठेवला. विहीर खणताना लागलेल्या पाण्याकडे बघावं तसे सगळे धाकटीकडे पाहत होते. काकूंनी उठून तिला दूध दिलं. या घरात तिला न मागता दूध मिळाल्याची ही पहिलीच नोंद.

तिथून पुढे प्रगती झपाट्याने झाली. दादाने साहेबांना सांगितलं की संध्याकाळी जादा थांबता येणार नाही, घरी अभ्यास आहे. आजोबांना डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलं होतं. ते म्हणाले, "मी फिरत बसलो तर पोरीला शांतता कोण देणार?" आणि आरामखुर्चीत बसून शांतता देऊ लागले (घोरत). आई आणि वहिनी यांच्यातली भांडणं कुजबुजत होऊ लागली, आणि कुजबुजत भांडण फार लांबत नाही, कारण निम्मे टोमणे ऐकूच येत नाहीत. घरात इतका सलोखा पूर्वी कधी नव्हता. एका परीक्षेने आठ माणसांचं भलं होत होतं. धाकटी वगळल्यास सात.

कारण अडचण अशी झाली, की अभ्यासासाठी सगळे घरी थांबल्यामुळे घरात अभ्यासाला जागा उरली नाही. पूर्वी कचेरी सुटल्यावरही चार तास तरी कोणी ना कोणी बाहेर असायचं. आता हजेरी शंभर टक्के. धाकटी काकूंच्या शिलाई मशीनच्या फळीवर पुस्तक ठेवून बसायची आणि काकू "तुला त्रास नको" म्हणून अगदी हळूहळू शिवायच्या. मशीन हळू चालवलं की प्रत्येक टाका वेगळा ऐकू येतो. दादा बाबांना "हळू बोला" म्हणायचा, बाबा दादाला "तूच हळू बोल" म्हणायचे आणि मग दोघांना गप्प करायला काका आतल्या खोलीतून ओरडायचे.

एकदा तिने धीर करून म्हटलं, "आई, तुम्ही सगळे जरा बाहेर जाऊन या ना. मला अभ्यास करायचाय."

आई तिच्याकडे बघतच राहिली. "कसं जाणार गं? घरी अभ्यास चालू आहे ना तुझा."

धाकटी पुन्हा टाके मोजू लागली.

मात्र काही ठिकाणी अगदीच कोणी गेलं नाही तर लोक नावं ठेवतात. तोंड दाखवायला घरातलं एक तरी माणूस लागतं. काकांनी बैठक घेऊन माणसांचा आढावा घेतला. सात जण अभ्यासात गुंतलेले होते. मोकळी अशी एकटी धाकटीच होती.

"मी?" ती म्हणाली. "माझा अभ्यास?"

"त्याची काळजी तू करू नकोस," काका म्हणाले. "आम्ही आहोत ना घरी."

अशा रीतीने ती एका लग्नाला गेली, कार्यालयाच्या मागच्या खोलीत रचून ठेवलेल्या खुर्च्यांआड बसली आणि गेल्या दोन महिन्यांत झाला नव्हता एवढा अभ्यास तिने एका दुपारी केला. वर जेवायलाही मिळालं. तेव्हापासून घरात आमंत्रण आलं की तीच आधी उठायची. अनुभवाने तिने समारंभांची प्रतवारी लावली. लग्नं ठीक, पण वाजंत्री मागच्या खोलीपर्यंत ऐकू येते. निवृत्ती समारंभ उत्तम, कारण भाषणांच्या वेळी कोणीच कोणाकडे बघत नाही. इस्पितळात भेटीला जावं तर रुग्णाच्या उशाची औषधं वाचून उजळणी होते. आणि सर्वांत श्रेष्ठ म्हणजे कोणी वारल्यावर भेटायला जाणं. तिथे माणूस खाली मान घालून तास न् तास बसला तरी त्याचं कौतुकच होतं.

एकदा अशाच एका घरी ती कोपऱ्यात डोळे मिटून औषधांचे दुष्परिणाम पाठ करत होती. "मळमळ, चक्कर, तोंडाला कोरड, हातपाय गार पडणं," असं ती पुटपुटत असताना वारलेल्या गृहस्थांच्या बहिणीने ऐकलं. त्या माउलीने स्वतःचं दुःख बाजूला सारून धाकटीला आडवं केलं, पाणी पाजलं, कपाळावर ओला रुमाल ठेवला. "किती जीव होता गं तुझा त्यांच्यावर," ती म्हणाली. धाकटीने त्या गृहस्थांना जन्मात पाहिलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुष्परिणामांचा तो प्रश्न परीक्षेत आला आणि तिने तो पूर्ण सोडवला.

निकाल लागला. धाकटी पहिल्या वर्गात पास झाली. ती धावत घरी आली, बातमी सांगितली आणि घरावर शोककळा पसरली.

आजोबा म्हणाले, "एवढी घाई काय होती?" आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. दादाला साहेबांचा चेहरा दिसू लागला. काकांनी बराच विचार करून विचारलं, "फेरतपासणीला अर्ज करता येतो ना? त्यात गुण कमी करून मिळतात का?"

धाकटीला फार वाईट वाटलं. निदान एकाने तरी पाठीवर हात ठेवायला हवा होता. शेवटी वहिनीने ठेवला आणि कानात म्हणाली, "छान झालं. पण सासूबाई आता मोठ्याने बोलणार गं."

काका मात्र उगीच तीस वर्षं कार्यालयात नव्हते. संध्याकाळी त्यांनी सर्वांना बसवून सांगितलं, "शांतपणे विचार करा. अभ्यास करणारी व्यक्ती आणि अभ्यास या दोन स्वतंत्र बाबी आहेत. व्यक्तीची बदली झाली म्हणून खातं बंद होत नाही. ती खुशाल जाऊ दे. अभ्यास इथेच राहील." ठराव एकमताने मंजूर झाला. मशीनच्या फळीवर तिची जुनी पुस्तकं उघडी ठेवण्यात आली. पानं उलटण्याचं काम आजोबांकडे देण्यात आलं. (त्यांची तब्येत त्यामुळे सुधारली, असं डॉक्टरही म्हणतात.)

धाकटी परगावी गेली. पहिल्या दिवशी तिने खोलीची कडी लावली, काढली, पुन्हा लावली आणि एकटीच हसत सुटली. चार दिवस ती कोणाशी न बोलता सुखात राहिली. पाचव्या दिवशी दाराबाहेरून कोणीच "झालं का?" विचारत नाही, हे तिला टोचायला लागलं. तिने घरी फोन केला. सुट्टीच्या दिवशी सगळेच या म्हणाली, माझी खोली बघा, मी स्वयंपाक करते, सगळ्यांना पुरेल एवढा करते.

पलीकडे कुजबुज झाली. मग आई अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "यायचं खूप मनात आहे गं बाळा. पण कसं येणार? घरी अभ्यास चालू आहे ना तुझा."

धाकटी पोट धरून हसली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते मात्र हसून झाल्यावरही थांबेना.

वाचकांना हे अतिरंजित वाटत असेल, तर त्यांनी प्रत्यक्ष येऊन खात्री करून घ्यावी. पुस्तक उघडं आहे, आजोबा पान उलटताहेत. पण आपण येणार नाही, हेही ठाऊक आहे. गेल्याच महिन्यात आपण एके ठिकाणी कळवलंत, की यायचं फार होतं हो, पण यंदा घरी परीक्षा आहे. आपल्या चिरंजीवांना आता टक्कल पडू लागलं आहे, हे त्या मंडळींना चांगलं माहीत आहे. तरी ती समजुतीने "बरं बरं" म्हणाली. आपल्याकडे यायचं टाळताना त्यांनाही दर वेळी तेच सांगावं लागतं.